पाचवं शील कुणी द्यायचं?

दाढी करताना मानेवर हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. पण तपासणीत घशाचा कॅन्सर निघाला आणि माझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. जळोचीच्या आमच्या विहारात पौर्णिमेला त्रिसरण-पंचशील मी देतो. मी पुढं म्हणायचं, लोकांनी मागं. भवानीनगरला कारखान्यात उभी हयात गेली, शेजारी लोक तंबाखू मळत बसायचे, पण नशापाणी नको हे पाचवं शील मी कधी मोडलं नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कशाला लपवू? मग शील पाळून मिळालं काय, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

पुण्याच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. सुरुवात टॉन्सिलमध्ये झालीय, कारण तंबाखू नाही, एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. तो पुष्कळांना होतो, बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो, एखाद्याच्या घशात वर्षानुवर्षं राहून असा उठतो. नवरा-बायकोच्या संबंधातूनही येतो, त्यात कुणाला दोष देऊ नका. मी खाली मान घातली. माझी बायको मात्र म्हणाली, "मग माझ्याकडनंच आला असंल. आता मला काय तुरुंगात टाकताय व्हय?" डॉक्टर हसले. असे कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतात, असंही म्हणाले. अशी बायको मिळाली याचाही मला अभिमान आहे, लिहून ठेवतो.

किरणांचे उपचार संपले, गाठ विरली, पण तोंडाला कायमची कोरड पडली. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून, पाण्याची बाटली घेऊन विहारात गेलो. तात्या आमच्यातले वडीलधारे. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आप्पा, बाकीची शीलं द्या, पण पाचवं नगं. चोरून तंबाखू खाल्ल्याबिगर घशाला कॅन्सर व्हतोय का? विषाणूनं सर्दी व्हती!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. उत्तर द्यायला तोंड ओलं करावं म्हणून मी बाटली उघडली.

तेवढ्यात दारातून एक अनोळखी बाई आत आली. गळ्यात तुळशीची माळ, आणि माळेखालची कातडी माझ्यासारखीच किरणांनी काळवंडलेली. अंथुर्ण्याहून लेकीकडं आली होती, वंदना ऐकायला दारात थांबली होती, तात्यांचं बोलणंही तिच्या कानावर पडलं होतं. माझी मान आणि बाटली बघून तिनं ओळखलं. ती तात्यांना म्हणाली, "बाबा, मी माळकरी हाय. मिसरीला कधी बोट लावलं न्हाय. मलाबी ह्याच विषाणूचा कॅन्सर झालता. माझ्या माळंवरबी संशय घेता का आता?"

तात्या उठले, माझ्यापुढं हात जोडले. "चुकलं आप्पा. पाचवं शील तुमीच द्या."

मी सुरुवात केली, पण दुसऱ्याच शब्दाला घसा अडला. घोटभर पाणी प्यालो, तरी काही येईना. तेव्हा आधी तात्यांनी आणि मग सगळ्या विहारानं ते शील खणखणीत म्हटलं, आणि मी त्यांच्या मागून पुटपुटत गेलो.

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही, आणि मी तो सांगतही नाही. पण ती माउली त्याच घडीला का आली, हे मला ठाऊक नाही. पुढं बसून मी इतकी वर्षं शरण जायला सांगत आलो. स्वतः गेलो तो त्या दिवशी, लोकांच्या मागून. तिला आणि माझ्या माणसांना जयभीम.