जावयाचं घड्याळ

यजमान गेले ते पाडव्याच्या आधी. लेकीचं लग्न ठरलेलं होतं. वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं सगळ्यांनी सांगितलं. मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

साखरपुड्यात जावयाला घड्याळ द्यायचं होतं. धाकटे दीर मला पौडहून गाडीवर बावधनला घेऊन गेले. दुकानातल्या मुलीने दोन घड्याळं काढली. दोन्ही ऑटोमॅटिक, किंमत जवळपास सारखीच. एक निळ्या तबकडीचं, दुसरं पांढऱ्या.

"यात सेल नसतो काकू. हाताच्या हालचालीवर चालतं. दिवसाला थोडं पुढे-मागे होतं."

"एवढं पैसं घालून टाइम चुकतंय व्हय?" दीर म्हणाले.

"ऑटोमॅटिक सगळी तशीच असतात, काका."

निळ्याची काच चरे न पडणारी होती. पांढऱ्याची साधी, पण त्याला हाताने चावीही देता यायची. ती सांगत होती, मी मान हलवत होते. शब्द कानावर पडत होते, आत काही पोचत नव्हतं.

"पाण्याचं काय? आमच्या हितं पाऊस लई," दिरांनी विचारलं.

"पावसाचं चालेल. पोहायला नको."

"पोहतोय कुटं! दिवसभर कंप्युटरम्होरं बसतुया."

"मग पांढरं घ्या. हात कमी हलला की दोन्ही बंद पडतात. याला चावी दिली की परत सुरू."

तिने दिरांच्या दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून मला दाखवलं. रुंद मनगटं, हाडाशी काळे केस. थेट त्यांच्या थोरल्या भावाची. आता रडू येईल असं वाटलं. मी वाट पाहिली. आलं नाही. मी तबकडीवरची तारीख वाचली आणि म्हणाले, "पांढरं द्या."

चांदणी चौक ओलांडल्यावर दिरांनी मागे वळून विचारलं, "बराबर घेतलं न्हवं, वयनी?"

"कुठलं घेतलं आपण?" मी विचारलं.

ते गाडी हळू चालवायला लागले.

साखरपुड्याला जावई पाटावर बसला तेव्हा चुलतसासूबाई म्हणाल्या, "घड्याळ धाकटीला घालू दे. ती सवाष्ण हाय."

मी डबी जावेपुढे धरली. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. पण दीर पुढे झाले.

"न्हाई. वयनींनी निवडलंय, त्याच घालतील."

जावेने डबी परत माझ्या हातात दिली. मी घड्याळ घातलं. पट्टा जावयाला सैल होता. त्याने ते कोपराकडे सरकवलं आणि तो पाया पडला. फोटोवाला म्हणाला, "काकू, परत एकदा घाला. आणि हसा जरा." मी काढून परत घातलं.

पाहुणे गेल्यावर मी मागच्या दारी भांडी विसळत होते. लेक साडी खोचून शेजारी येऊन बसली.

"आई, आज तू हसलीस. किती दिवसांनी."

"फोटोवाल्याने सांगितलं होतं," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि घासायला लागली.