विटका हिरवा रंग

विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. गाडीमालकाच्या बोलण्यापेक्षा पत्र्यावर विश्वास ठेवायची सवय तिथेच लागली. निवृत्तीनंतर लखनौमध्ये कुणाला जुनी गाडी विकायची असली की मला बोलावणं येऊ लागलं, आणि घरात नुसतं बसणं जमत नसल्यामुळे मीही जाऊ लागलो.

गेल्या हिवाळ्यात असाच शहराबाहेर बख्शी का तालाब या गावी गेलो. ऐंशीच्या घरातले एक निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या वडिलांनी घेतलेली लांबलचक अमेरिकन गाडी भुशाच्या पोत्यांशेजारी उभी होती. नवरा-बायकोला आता लखनौतल्याच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत मुलीजवळ फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं, आणि तिथे एवढ्या धुडाला जागा नव्हती. गिऱ्हाइकं दोन होती. एक जयपूरचा संग्राहक. तो गाडी आहे तशी जपणार होता, पण ती अस्सल निघाली तरच घेणार होता. दुसरा वरातीसाठी गाड्या भाड्यानं देणारा. तो छत कापून तिथे नवरदेवासाठी खुर्ची बसवणार होता.

"वालिद साहब की गाड़ी है," हेडमास्तर म्हणाले. "बस, कटे नहीं."

मी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून सगळ्या गाडीवर फिरवलं. पत्र्यावर पुट्टी भरलेली असेल तर ते धरत नाही. इथे मडगार्डपासून डिकीपर्यंत घट्ट धरत होतं. पेट्रोल परवडेना म्हणून अशा गाड्यांत लोकांनी मागे सर्रास डिझेल इंजिनं बसवली. हिच्यात मूळचंच होतं आणि त्याचा नंबर कागदांशी जुळत होता. फिका हिरवा रंग विटला होता, टपावरचा तर पार उडाला होता, पण तो कारखान्यातला होता. गाडीची खरी किंमत त्या विटक्या रंगातच होती. मला मनापासून आनंद झाला.

संग्राहक पंधरा दिवसांनी येणार होता. तोवर गाडीला हात लावू नका, एवढं सांगून निघायला हवं होतं. माझ्या गावी, सांगलीत, मी तसंच सांगितलं असतं. पण फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या, एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला हुकूम कसा सोडायचा? म्हणून मी म्हणालो, "आप बिल्कुल तकलीफ़ मत कीजिएगा." लखनौत पाहुणा असं म्हणाला की यजमान आत जाऊन कबाब तळायला सांगतो. इतकी वर्षं इथे काढून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

पंधरा दिवसांनी संग्राहकाला घेऊन गेलो, तर अंगणात किरमिजी रंगाची चकचकीत गाडी! पाहुणे येणार म्हणून भिंतींना चुना लावला होता आणि गाडीला रंग. खास चिनहटहून कारागीर आणले होते. त्यांनी जुना रंग पत्र्यापर्यंत घासून काढला होता आणि पोचे आलेल्या जागी पुट्टी भरली होती. चुंबक दारावरून घसरून माझ्या बुटावर पडलं. संग्राहक सभ्य माणूस. त्यानं चहा घेतला, दोन कबाब खाल्ले, गाडीची तारीफ केली आणि जाताना आपल्या मोटारीत बसता बसता मला हळूच नकार कळवला.

मी परत अंगणात आलो. "तो कब ले जा रहे हैं?" हेडमास्तरांनी विचारलं. मला स्वतःचा भयंकर राग आला होता आणि आडवळणानं बोलायचा कंटाळाही. जयपूरच्या साहेबांना तो जुना रंगच हवा होता, आता ते गाडी घेणार नाहीत, आणि हे तुम्हाला आधी सांगणं माझं काम होतं, असं मी त्यांना हिंदीत सरळ सांगून टाकलं.

त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. आत त्यांची बायको कपबश्या आवरत होती.

"तो अब बारात वाले ही..." मग त्यांनी दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

"अंदर मत कहिएगा," ते म्हणाले. "रंग उन्होंने पसंद किया है."