सत्काराशिवायचा कार्यक्रम

लातूरला एम.ए. करत होते तेव्हा समकालीन साहित्याचा पेपर शिकवणाऱ्या आमच्या मॅडमचं एक म्हणणं होतं: गेलेल्या लेखकाला काही विचारता येत नाही, तेव्हा आहेत तोवर विचारून घ्या. आसपास कुठं अभिवाचन असलं की त्या आम्हाला घेऊन निघायच्या. अट एकच. पुस्तक न वाचता जो विचारता येतो, तो प्रश्न विचारायचा नाही. ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’ असं कुणी विचारलं, की परतीच्या एसटीत तिला मॅडमच्या शेजारी बसावं लागायचं आणि घर येईपर्यंत बोलणी खावी लागायची. मीही एकदा खाल्ली आहेत.

असंच एकदा नांदेडला गेलो होतो. लेखक हिमायतनगरकडचे, शेती करणारे, विरलेली कॉलर शिवून घेतलेल्या शर्टातले. त्यांची कादंबरी आम्ही वर्गात महिनाभर वाचली होती. मुदखेड जंक्शनजवळ खाणावळ चालवणाऱ्या बाईची ती गोष्ट. नवरा तिला टाकून गेलेला. पुष्कळ वर्षांनी तोच गाडीतून उतरतो, तिच्याच खाणावळीत जेवतो आणि पैसे देऊन निघून जातो. तिनं त्याला ओळखलं की नाही, हे लेखकानं लिहिलेलंच नाही. त्यावरून आमच्या वर्गात नुसती भांडणं. मी म्हणायचे, नाही ओळखलं. ओळखलं असतं तर ताट तोंडावर फेकलं असतं. मी फेकलं असतं.

लेखकाच्या तोंडून ते प्रकरण ऐकायचं म्हणून आम्ही पहाटे उठून गेलो, तर तिथं नमनालाच घडाभर तेल. मान्यवरांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले, मग एकजण उशिरा आले म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा शाल आणि नारळ. लेखक बिचारे पुस्तकात बोट घालून बसलेले. शेवटी त्यांनी वाचायला घेतलं, आणि तो माणूस जेवायला बसतो न बसतो तोच चिठ्ठी आली, वेळेअभावी आटोपतं घ्या. त्यांनी मुकाट्यानं पुस्तक मिटलं. माझं डोकं असं फिरलं की चहासुद्धा घेतला नाही. मॅडम एसटीत एवढंच म्हणाल्या, “आपल्याकडं बोलवू त्यांना.”

बोलावलंही. सूत्रसंचालन माझ्याकडं आलं, आणि त्याबरोबर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसातून सत्कारमूर्तींची यादीही आली. नांदेडच्या यादीपेक्षाही लांब. मी ती घेऊन तडक स्टाफरूममध्ये गेले आणि म्हणाले, “मॅडम, हे मी वाचणार नाही.”

मॅडमनी यादी पाहिली. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. नेट झालेलं, पीएच.डी. झालेली, पण दरवर्षी जूनमध्ये तास मिळतील की नाही, हे संस्थेचे अध्यक्ष ठरवायचे. आणि यादीत पहिलं नाव अध्यक्षसाहेबांचं. मला हे ठाऊक होतं. म्हणून पुढं म्हणाले, “मी परस्पर केलं असं सांगेन. तुमचं नाव येणार नाही.”

“माझ्या विद्यार्थिनीच्या मागं लपू का मी?” मॅडम म्हणाल्या. यादीची घडी घालून त्यांनी पर्समध्ये टाकली. “जा. माइक बघ चालू आहे का.”

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीची मंडळी. मी माइकवर म्हणाले, “आज वाचनाला पूर्ण वेळ मिळावा म्हणून सगळ्या मान्यवरांचं स्वागत आपण एकदाच, टाळ्यांनी करू या.” मुलांनी दणकून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले हात मांडीवरच. शालींचं टेबल तसंच राहिलं. साहेबांनी मागं वळून मॅडमकडं रोखून पाहिलं. मॅडम सरळ व्यासपीठाकडं पाहत होत्या.

लेखकांनी ते प्रकरण सगळं वाचलं. सावकाश, त्यांच्या हिमायतनगरी चालीत. खाणावळवाली ताटं वाढत जाते, प्रत्येकाला भाकरी, वरण, भाजी, फोडलेला कांदा. मग तो माणूस बसतो. त्याला भाकरी, वरण, भाजी. आणि लेखकांनी श्वास घेतला. तीनदा वाचलेलं पुस्तक, पण मला हे कधी दिसलंच नव्हतं. त्याच्या ताटात कांदा नाही!

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी सूत्रसंचालक आहे हे विसरून माइकवरच विचारलं, “सर, पहिल्या प्रकरणात लग्नाच्या पंगतीत नवरा कांदा बाजूला सारतो. इथं ती त्याला कांदा वाढतच नाही. म्हणजे तिनं ओळखलंय. हो ना?”

लेखकांनी पुस्तक उघडलं. पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं.

“बाई, खरं सांगू?” ते म्हणाले. “कांदा मी ठरवून ठिवला न्हाई. हात लिहून गेला. तिनं वळखलं का न्हाई, हे मलाच इतके दिवस ठाव नव्हतं. आज कळालं.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर्गातल्या ज्या मुली ‘ओळखलं’ म्हणून भांडायच्या, त्यांनी तर बाकंच बडवली. मी हरले होते आणि मला त्याचा केवढा आनंद झाला होता!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी न बोलावता मागोमाग गेले.

“कुणाचं डोकं हे?” साहेब म्हणाले.

“माझं,” मॅडम म्हणाल्या.

“नाही साहेब, माझं,” मी म्हणाले.

साहेबांनी दोघींकडं पाहिलं. मग खुर्चीत मागं रेलले. “लई राग आला होता मला. उठून जाणार होतो. पण तो माणूस जेवायला बसला अन् उठणं झालं न्हाई. घरी जाऊन आमच्या मंडळीला सगळी गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत प्रोग्रामाहून जाऊन घरी सांगावं असं काही नव्हतं बघा.” आम्ही दोघींनी एकदमच श्वास सोडला. तेवढ्यात ते म्हणाले, “पुढल्या वर्षी बी असंच करा. बाकीच्यांचे सत्कार नकोत. माझा तेवढा ठेवा. अध्यक्ष हाय मी, बरं दिसत न्हाई.”

हो म्हणायला काय जात होतं? एक शाल, एक नारळ. जून दोन महिन्यांवर आला होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, मॅडम, हो म्हणा.

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, “तुमचा ठेवला तर सगळ्यांचेच ठेवावे लागतील. मग वाचन होणार नाही.”

साहेब हातानंच जा म्हणाले.

जूनमध्ये मॅडमना तास मिळाले. पण ते कळायला अजून अवकाश होता. केबिनबाहेर आलो तेव्हा मॅडम दारातच थांबल्या. त्यांनी मला पाणी मागितलं, तिथंच उभ्यानं प्यायल्या आणि म्हणाल्या, “चल, तास आहे.” पुढं मला पुष्कळ लेखक भेटले, काही फार मोठे. कुणाकडून शिकलीस असं कुणी विचारलं तर त्यांच्यातलं एकही नाव माझ्या तोंडी येत नाही. मी ह्या बाईची विद्यार्थिनी आहे.