तराजूसरांचं मत

पोरांनी त्यांना ‘तराजूसर’ नाव ठेवलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवायचे. धडा दहा मिनिटांत गुंडाळायचे, बाक भिंतीला सारायचे आणि वर्गाच्या मधोमध खडूने रेघ ओढायचे. फाशी असावी का? म्हाताऱ्या आईबापांना वेगळं ठेवावं का? हो म्हणणारे इकडे, नाही म्हणणारे तिकडे, आणि मत बदललं की खुशाल रेघ ओलांडायची. शेजारच्या वर्गात मी घसा फोडून विज्ञान शिकवायचे आणि भिंतीपलीकडे हा बाजार. कितीदा भांडले मी त्यांच्याशी!

स्वतःचं मत मात्र ते कधीच सांगायचे नाहीत. बावीस वर्षांत एकदाही नाही. “मी बोललो की पोरं विचार करायची थांबतात, बाई,” म्हणायचे. मला ते पटायचंही.

त्या वर्षी फळ्यावर प्रश्न होता : मुलीनं दहावीनंतर शिकायचं की नाही, हे कोण ठरवणार? लाँड्रीवाल्याची मुलगी बोलायला उभी राहिली आणि माझा वर्गसुद्धा गप्प झाला. “बाबा वाईट नाहीत,” ती म्हणत होती. “मुलीलाही शिकू द्यावं, हे त्यांना फक्त कोणी सांगितलेलंच नाही.” मी दारातून डोकावले, तर रेघेपलीकडची सात-आठ पोरं तिच्या बाजूला येत होती. मधल्या सुट्टीत सरांचा चेहरा असा फुलला होता की मी भांडायचं विसरले.

दोन दिवसांनी तिचे वडील शिक्षकखोलीत आले. पोरगी दाराशी उभी. मी कोपऱ्यात वह्या तपासत होते. मला वाटलं, झालं, आता गोंधळ घालणार. पण तो भला माणूस खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

“सर, हिला कॉलेजात जायचंय. मोठा मुलगा परगावी गेला, मला दुकानात माणूस हवंय. रात्रंदिवस तोच विचार. मला काही सुचत नाही बघा. तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

तुम्ही म्हणाल तसं! मी लाल पेन खाली ठेवलं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

सर म्हणाले, “हा तुमच्या घरचा निर्णय आहे. मी फार तर दोन्ही बाजू मांडू शकतो.”

आणि त्यांनी त्या मांडल्या. प्रामाणिकपणे मांडल्या. दुकानाची बाजू तर इतकी नीट मांडली की त्या बापालाही ती तशी कधी सुचली नसेल. तो मान डोलावत राहिला. मुलगी सरांकडे बघत राहिली. मलाही तोंड होतं, पण आपण कशाला मध्ये पडा म्हणून मी मूग गिळून बसले. याची लाज मला आजही वाटते.

“म्हणजे माझंही तसं चूक नाही,” वडील निघताना म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. दहावीची परीक्षा झाली, चांगली टक्केवारी आली, आणि मुलगी दुकानात बसली.

सर त्यानंतर मिटत गेले. डबा न उघडता परत न्यायचे. बाक भिंतीला सारणं बंद झालं. प्रश्नोत्तरं लिहून देऊ लागले. वर्ग चिडीचूप असायचा, आणि मुख्याध्यापक खूश होते.

वर्षभराने एका दुपारी मला म्हणाले, “बाई, माझ्याबरोबर चला. एकट्याचे पाय निघत नाहीत.”

लाँड्रीत वाफ कोंडली होती. ती शर्टाच्या कॉलरीवर इस्त्री फिरवत होती. हातावर भाजल्याचा डाग होता. “या सर, या बाई,” म्हणत तिने स्टूल पुसलं. वडील कपडे पोचवायला गेले होते.

सर बसले नाहीत. “तुला सांगायचं होतं,” ते म्हणाले. “माझं मत असं आहे की तू शिकायला हवं होतंस. माझं तेव्हाही हेच मत होतं.”

तिने इस्त्री उभी केली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांची समजूत घालायला लागली.

“मला माहीत होतं, सर. सगळ्या वर्गाला माहीत होतं. फक्त बाबांना माहीत नव्हतं.”