गेणभाऊंची डिजिटल डायरी

पिंपरी पेंढारला रस्त्याच्या कडेला गेणभाऊंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर खोलायची, आतली काळी तार जाळून उपसायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे काम ते तीस वर्षं करतायत. हात चांगला, तोंड वाईट. "दोन वर्षांत तीनदा जाळलीस. तुला मोटर कशाला, बादली घे," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणत. गिऱ्हाईक ऐकून घेई, कारण कुठल्या मोटरीत किती वेढे आणि केवढ्या जाडीची तार, हे गेणभाऊंइतकं आसपास कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते त्यांच्या डोक्यात नव्हतं, डायरीत होतं. तळहाताएवढी, घडी घालायची डिजिटल डायरी, नाडीने गळ्यात अडकवलेली. एका मोटरीची एक नोंद: मालक, तारीख, वेढे, आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. काम गेणभाऊंचं असेल तर जी, भागीदार जानकूचं असेल तर जे.

जानकू बारा वर्षांपूर्वी दुकानातून गेला. गेला म्हणजे घालवला. बोरी बुद्रुकच्या सावळेरामची पाण्यातली मोटर दुकानातून भरून गेली आणि आठव्या दिवशी तिचा करंट पाइपातून हौदात उतरला. पाणी प्यायला नेलेला त्याचा शर्यतीचा बैल जागेवर मेला. सावळेराम दुकानात आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

"कुणाच्या हातची मोटर व्हती?" त्याने विचारलं.

"जानकूच्या," गेणभाऊ म्हणाले.

"खोटं हाय! डायरी दाखव!" जानकू ओरडला. गेणभाऊंनी डायरी सदऱ्यात सरकवली. सावळेरामने बघायची वाट पाहिलीच नाही, सगळ्यांसमोर जानकूच्या दोन थोबाडीत दिल्या. पुढं जानकूकडे कुणी मोटर टाकली नाही. त्याने समोरच्याच बाजूला पत्र्याची टपरी घातली आणि मोबाइल, रिमोट, वजनकाटे दुरुस्त करू लागला. बारा वर्षं दोघं एकमेकांसमोर बसत आणि आपापल्या दारातून रस्त्यावर थुंकत.

डायरीतल्या त्या नोंदीपुढे जी होता. गेणभाऊंना ते ठाऊक होतं. पुसायचं म्हणून त्यांनी कितीदा ती नोंद उघडली. पण केलेलं काम खोडायला हात धजला नाही. आपल्याशिवाय हे यंत्र कोण उघडतंय, असं म्हणून ते झाकण लावत.

यंदा उन्हाळ्यात डायरीच्या पडद्यावरच्या ओळी उडाल्या. आधी वरच्या दोन, मग निम्म्या. आता नोंद कुणाची आहे तेच दिसेना, मग पुसणार काय? चुकून भलतीच गेली तर? गेणभाऊ नारायणगावला गेले, जुन्नरला गेले. दुकानदार डायरी उलटीसुलटी करून हसायचे. एकाने तर सांगितलं, "राव, हिला आता कोण हात लावतंय? तुमच्याच गावात तो टपरीवाला हाय ना, त्याला दाखवा."

ते डायरी हिसकावून घरी आले.

दुकानातलं निम्मं काम आता सून वृषाली करत होती. तिचा नवरा गोरख चाकणला कंपनीत, रविवारी यायचा. वृषालीचा वेढा सासऱ्यापेक्षा नीट बसे आणि ते गेणभाऊंना खुपे.

"आबा, तीन मोटरी पडून हायेत. आतला लगदा झालाय, वेढे मोजता येत न्हाईत," ती म्हणाली. "दिसतंय तवर मला द्या, मोबाइलमधी उतरवून घेते. ही टाकून द्या."

"हात लावायचा न्हाई."

"मग दुरुस्त तरी करा. जानकूतात्याला..."

"त्याचं नाव ह्या दुकानात काढलंस तर हात धरून बाहेर काढीन."

"काढा," वृषाली म्हणाली. "मग मोटरी तुमीच भरा. सुईत दोरा ओवता येतो का बघा आधी."

चार दिवस दोघं बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गेणभाऊ एका दशक्रियेला गेले. नदीवर अंघोळ करायची म्हणून त्यांनी डायरी घरीच, उशीखाली ठेवली. वृषालीने ती उचलली आणि सरळ रस्ता ओलांडला.

जानकूने डायरी ओळखली. स्क्रू काढून ती खोलली. पडद्याला जोडणारी पट्टी सुटली होती; तिच्यावर रबर ठेवून त्याने सोल्डरिंगचं गरम टोक हळूहळू फिरवलं. ओळी परत आल्या. मग त्याने सावळेरामचं नाव शोधलं. नोंदीखाली बोट धरून ती दोनदा वाचली.

"तात्या, काय झालं?"

त्याने डायरी तिच्यापुढे धरली. "वाच. आन् सासऱ्याला सांग, मी वाचलं म्हणून."

दुपारी गेणभाऊ परतले तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. वृषालीने उघडी डायरी टेबलावर ठेवली.

"सावळेरामबाबांच्या मोटरीपुढं जी हाय, आबा. तुमचा जी."

गेणभाऊंचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "कुणाला इचारून नेलीस? घरभेदी!"

"बैल तुमी मारला आन् मार जानकूतात्यानं खाल्ला. बारा वर्षं!"

दुकानाच्या मागच्या बाजूला जुन्या तारा जाळायला पेटवलेला जाळ होता. गेणभाऊ डायरी घेऊन तिकडे गेले आणि त्यांनी ती आत टाकली. प्लॅस्टिक वितळलं, आतली बॅटरी फट्कन फुटली. दोन हजारांवर मोटरींचे आकडे एका मिनिटात संपले. वृषाली काठी घेऊन धावली होती. तिच्या मनगटाला चटका बसला, हाती काहीच आलं नाही.

"आता दाखव कुणाला दाखवतीस ते," गेणभाऊ म्हणाले.

"दाखवायची गरज न्हाई. चौघांनी ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सावळेराम आला. आता सत्तरीचा, काठी टेकत. गेणभाऊंच्या दुकानाकडे त्याने मान वळवली नाही. तो टपरीपुढच्या बाकड्यावर बसला आणि दोन चहा सांगितले.

"जानकू, माझं चुकलं."

जानकूने हातातला रिमोट खाली ठेवला नाही. "चहा तुमीच प्या. आन् पिऊन झाला की बाकडं मोकळं करा, गिऱ्हाईक येतंय."

"आरं, म्हातारा झालो मी."

"मीबी झालो."

सावळेराम चहा तसाच टाकून गेला. गेणभाऊंनी हे सगळं समोरून पाहिलं.

पुढच्या रविवारी गोरख आला आणि बापाशी भांडला. वृषालीने घराच्या पडवीत वेगळं काम मांडलं. येईल त्या मोटरीचे वेढे ती मोजते आणि शाळेच्या वहीत लिहिते. लोक आता तिच्याकडेच येतात. गेणभाऊ त्याच घरात राहतात, पण तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. तीही देत नाही.

त्यांच्या दुकानात अधूनमधून एखादी मोटर येते. ते चष्मा लावून वेढे मोजत बसतात. परवा एकाने दारातून विचारलं, "भाऊ, कधीपर्यंत व्हईल?" मोजणी चुकली. गेणभाऊंनी हातातली पक्कड त्याच्या दिशेने फेकली, शिवी दिली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.