तीन सायकलींचा रॅक

माझा नवरा मस्कतला असतो. तिथल्या एका मोठ्या इमारतीचा एसी प्लँट सांभाळतो. वर्षातून एकदा येतो, महिनाभर राहतो आणि परत जातो. अकरा वर्षं झाली याला. मुलगी आता पंधराची आहे. मुलगा अकराचा, म्हणजे त्याला तर बाप सुट्टीतलाच माहीत.

मागच्याच्या मागच्या सुट्टीत नवऱ्यानं एका दुपारी कोल्हापुरात शाहूपुरीतून चार सायकली घेतल्या. एकदम चार. दुकानदार म्हणाला, "पावणं, स्वतःचं दुकान काढालाय काय?"

"न्हाय की," नवरा म्हणाला, "घरात चार माणसं हायत."

एवढंच बोलला, पण फार चवीनं बोलला. माझ्याकडे बघत बोलला. मी उगाचच बिल घडी करून पर्समध्ये ठेवायला लागले.

त्या सायकलींवर आम्ही चौघं तीन रविवार फिरलो. चौथ्या रविवारी तो गेला. त्याची सायकल मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर एक जुनी चादर टाकली. उरलेल्या तीन सायकली घेऊन आम्ही रविवारी सकाळी निघायचो. पण आमचं घर उचगावात, हायवेच्या जवळ. गावाबाहेर पडायचं तर ट्रकमधून वाट काढायची, आणि हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. एकदा असाच एक ट्रॅक्टर मुलाला इतका खेटून गेला की ट्रॉलीबाहेर लोंबणारा पाला त्याच्या खांद्यावर सपकन लागला. पोरगं पडलं नाही, पण मी तिथंच सगळ्यांना उतरवलं आणि सायकली हातात धरून घरी आणल्या.

संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गाडीच्या मागं रॅक लावूया. हितं बघतो की मी, लोकं सायकली मागं लावून डोंगरात जात्यात. तू गाडी चालवतीसच. वाडीकडं जावा, तिकडं रस्तं शांत हायत."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. तिथून पुढं नदीकाठानं उसातून जाणारे रस्ते आहेत, सकाळी त्यावर दुधाच्या मोटारसायकलींशिवाय फारसं कुणी नसतं.

मग रोज त्याच्याकडून रॅकचे फोटो यायला लागले. टपावरचा रॅक पहिल्याच दिवशी बाद झाला. माझी उंची बेताची. मुलीनं आणि मी एकदा सायकल टपापर्यंत उचलून पाहिली, तर ती माझ्या डोक्यावर आणि चेनचं ऑइल माझ्या ड्रेसवर. दुसरा प्रकार पट्ट्यांचा, डिकीच्या दाराला हुक अडकवून बांधायचा. तो एका मैत्रिणीकडून आणला. हुपरी रस्त्याला लागलो आणि पट्टे सैल झाले. मुलाच्या सायकलचं चाक टेललाइटवर टकटक आपटायला लागलं. दोनदा थांबून आवळले. शिवाय सायकली बांधल्या की डिकी उघडत नव्हती आणि पाण्याच्या बाटल्या डिकीत.

राहिला तिसरा प्रकार. गाडीच्या पोटाखाली, चासीला बोल्ट मारून एक चौकोनी नळी बसवायची. तिला हिच म्हणतात. रॅक त्या नळीत सरकवायचा आणि आरपार पिन मारायची. सायकली कमरेच्या उंचीवर राहतात, उचलाव्या लागत नाहीत. नवरा म्हणाला, "हेच कर. आन् चार सायकलींचा घे."

आमच्या उचगावातच एक साठीचे फॅब्रिकेटर आहेत. ट्रॉल्यांचे हुक करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी गाडी त्यांच्या शेडमध्ये नेली. ते पोतं टाकून गाडीखाली शिरले, आतूनच ठोकून बघितलं आणि बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "किती सायकली?"

"चार."

"ताई, ही गाडी हाय का ट्रक?"

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. गाडी हलकी. सगळं वजन मागच्या चाकांच्या बाहेर लोंबणार. खड्ड्यात गेली की ते वजन चाबकासारखं झटका देणार. "चार लावल्या तर गाडी मागं बसंल आन् तोंड वर करंल. पुढच्या चाकाला रस्ता धरवायचा न्हाय. दोन लावा, बेस. तीन म्हणत असाल तर करून देतो, पर सायकली हलक्या पायजेत. चार न्हाय म्हंजे न्हाय."

मी म्हटलं, "चौथी रोज लागणार नाही. वर्षातून एक महिनाच. मालक बाहेर असतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. वाईट हेतू अजिबात नव्हता त्यांचा, पण इथलं माणूस मनातलं तोंडावर बोलतं. "त्या एका महिन्यापायी अकरा महिनं रिकामं लोखंड वडत फिरणार काय तुमी?"

उद्या सांगते, असं म्हणून मी गाडीत येऊन बसले. चावी हातातच होती. शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर सुरू केला, त्याच्या ठिणग्या दारापर्यंत येत होत्या. रेशनकार्डावर आम्ही चार. लग्नाच्या आमंत्रणाला घरचे चार. जेवताना कुकरला मात्र मी कित्येक वर्षं तिघांचा भात लावत होते, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन सांगितल्या.

सायकली दांड्याला अडकवून लोंबत्या ठेवायच्या की चाकं लोखंडी पन्हाळीत ठेवून उभ्या करायच्या, एवढं ठरवायचं राहिलं होतं. माझी सायकल लेडीज, तिचा दांडा तिरका, ती नीट लोंबणार नाही. म्हणून पन्हाळी ठरल्या. मापासाठी ज्या सायकली न्यायच्या त्या घेऊन या, असं फॅब्रिकेटर म्हणाले. मी पॅसेजमधून तीन सायकली बाहेर काढल्या. मुलगी हवा भरत होती. तिनं चादरीकडे बघितलं.

"मम्मी, पप्पांची?"

"ते आल्यावर बघू."

ती पंप मारत राहिली. चाक दगडासारखं घट्ट झालं तरी मारत राहिली.

रॅक आठवड्यात झाला. काम देखणं केलं होतं. एक खिट्टी ओढली की सगळा रॅक मागं कलायचा आणि डिकी उघडायची. सायकलींमुळे नंबर प्लेट झाकते, म्हणून मागं एक पट्टी लावून तिच्यावर दुसरी प्लेट आणि दिवे बसवले होते. "पोलीस पहिलं त्येच बघतोय," ते म्हणाले.

नवऱ्याला सांगायचं मी आठ दिवस टाळलं. शेवटी व्हिडिओवर दाखवला, तोही फोन अगदी जवळ धरून. वेल्डिंग दाखवलं, पिन दाखवली, रंग दाखवला. पण तो मशीनवरचा माणूस.

"कॅमेरा जरा मागं घे," तो म्हणाला.

मी मागं घेतला. त्यानं पन्हाळी मोजल्या.

"तीनच?"

मी वजनाचं सगळं सांगितलं. फॅब्रिकेटर म्हणाले होते तसंच, चाबकासकट. त्यानं बोल्ट किती जाडीचे, नळीचा पत्रा कसा, असं दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाला, "बरोबर हाय. मी असतो तर मीबी तीनच सांगितल्या असत्या." आणि लगेच म्हणाला, "मला खाली बोलवालेत, ठेवतो." पुढचे दोन दिवस त्याचे फोन आले, पण लहान-लहान.

त्यानंतर आमचे रविवार बदलले. पहाटे उठून वाडीला जायचं, गाडी लावायची, सायकली उतरवायच्या आणि खिद्रापूरच्या दिशेनं निघायचं. उसातून थंड वारा यायचा. परतताना कवठाची बर्फी घ्यायची, ती घरी पोचेपर्यंत अर्धी संपायची. मी फोटो पाठवायचे. मुलगा दोन्ही हात सोडून सायकल चालवायला शिकला, त्याचा व्हिडिओ नवऱ्यानं किती वेळा पाहिला असेल कुणास ठाऊक. दर वेळी फोनवर त्याचंच बोलायचा. मला मात्र त्या रस्त्यावर सारखं वाटायचं, हे त्यानं बघायला पाहिजे होतं. फोटोतलं नव्हे, हे. पोरगं हात सोडायच्या आधी जीभ दाताखाली धरतं, ते.

डिसेंबरात तो आला. पहिल्याच रविवारी पहाटे थंडीत तिन्ही सायकली आम्ही रॅकवर चढवल्या. त्यानं रॅकभोवती एक फेरी मारली, दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला. "काम चोख केलंय," म्हणाला. चादरीखालच्या सायकलबद्दल कुणीच बोललं नाही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, तेव्हा तोच म्हणाला, "मी गाडी चालवतो की. तुम्ही सायकली चालवा, मी पुढं जाऊन थांबतो."

तसंच केलं. आम्ही तिघं सायकलवर आणि तो गाडी घेऊन पुढं. प्रत्येक फाट्यावर थांबलेला दिसायचा. पहिल्या फाट्यावर तो पेरू चिरून, तिखटमीठ लावून, डिकीवर मांडून उभा होता. आम्ही दिसताच त्यानं टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. एकट्या माणसाच्या टाळ्या उघड्या रानात किती बारीक ऐकू येतात, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या फाट्यावर मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही चालवा की आता."

"तुझी बारकी हाय रे मला."

"मग माझी घ्या," मी म्हटलं.

"लेडीज?"

"हितं कोण बघालंय तुमाला?"

मी त्याच्या हातातून चावी काढूनच घेतली. तो माझ्या सायकलवर बसला. सीट खाली, त्यामुळे गुडघे दोन्हीकडे फाकलेले, पुढं बास्केट, बास्केटमध्ये माझी ओढणी. समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आली. त्यावरच्या गड्यानं वेग कमी करून ओरडून सांगितलं, "ओ पावणं, शीट वर करा की!" मुलगा इतका हसला की त्याला पाय टेकावे लागले.

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या मागं ठेवली. काचेतून मला तिघांच्या पाठी दिसत होत्या. मध्ये तो, एका बाजूला मुलगी, एका बाजूला मुलगा. मुलगा सारखा बोलत होता आणि तो कान त्याच्याकडे वाकवून ऐकत होता. मध्येच मुलीनं काहीतरी सांगितलं, तो मान मागं टाकून हसला. मला काही ऐकू येत नव्हतं. मी काच खाली केली, तर इंजिनाचाच आवाज आत आला. मला खूप बरं वाटत होतं. याला आम्ही इतकी वर्षं असेच दिसत आलो असणार. पाठमोरे, पुढं जाणारे.

थोड्या वेळानं मुलगी मागं राहून माझ्या खिडकीशी आली. "मम्मी, पप्पांना दम लागलाय, पण थांबत नाहीत."

"मग तुम्ही थांबा. तहान लागली म्हणा."

तिनं तसं केलं. तो उतरला आणि बांधावर बसला, तर त्याच्या पोटरीत गोळा आला. मी खाली बसून पोटरी दाबून दिली. तो विव्हळत होता आणि हसतही होता. मुलं लांब गेल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी येतो बघ. कायमचा."

हे त्यानं याआधीही म्हटलं होतं. मी म्हटलं, "बरं." आणि पोटरी दाबत राहिले. आणखी थोडा वेळ मिळावा म्हणून, दुखणं थांबल्यावरही.

जानेवारीत उजळाईवाडीच्या विमानतळावर त्याला सोडलं. फेब्रुवारीत त्याच्या कंपनीनं दोन वर्षांचा नवा करार पुढं ठेवला. मुलीची दहावी, पुढचं शिक्षण, सगळं समोर मांडून आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. त्यानं सही केली. मीच म्हटलं होतं, करा म्हणून.

आता त्यानं तिकडं एक जुनी सायकल घेतली आहे. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. भल्या सकाळी तो समुद्राच्या कडेच्या रस्त्यानं जातो आणि कानात हेडफोन घालून मला फोन लावतो. इकडं तेव्हा मुलांची शाळेची घाई असते. मी फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवते आणि भाकरी थापते. तो फारसं बोलत नाही. "चढ आला," म्हणतो. "आता उतार हाय." मधला सगळा वेळ नुसता वारा आणि त्याचा श्वास. मुलगा दप्तर पाठीला लावत ओरडतो, "पप्पा, दम लागला काय?" तो तिकडून "न्हाय रे" म्हणतो, तेही धापा टाकतच.

परवाच्या शुक्रवारी वारा अचानक थांबला. चेन पडली असावी, खडखड ऐकू आली. मग काहीच नाही. मुलं गेली होती. तव्यावरची भाकरी फुगली, मी ती काढली, दुसरी टाकली. फोनवर वेळ पुढं सरकत होता, पण आवाज नव्हता. मी गॅस बारीक केला आणि फोनपाशी वाकले.

"हैस न्हवं?" त्यानं विचारलं.

"हाय की," मी म्हटलं.