पूजा केलेल्या संगणकाचे उदर उघडावे काय?

परवा म्हैसूरच्या कुवेंपुनगरातील आमच्या निवासस्थानी एक गहन पेच उद्भवला... एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, संगणकाच्या आत बसवावी, की बाहेरून जोडावी?

आमच्या वयोवृद्ध संगणकाला जाग यायला अकरा मिनिटे लागत. माझी पत्नी रेवती सकाळी सातला दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. पडदा उजळेपर्यंत निम्मी मुले अंतर्धान पावत. दोघांनी तर शिकवणीच बदलली.

मी बाह्य एसएसडीच्या पक्षात होतो. कारण तांत्रिक नव्हे, धार्मिक... नुकतीच आयुधपूजा झाली होती आणि म्हैसूरच्या रीतीप्रमाणे मी कॅबिनेटला सढळ हस्ते गंध-कुंकू लावले होते. पूजिलेल्या देहावर इतक्यात शल्यक्रिया करणे मला अप्रशस्त वाटले.

बाह्य एसएसडी आणली, रेवतीच्या समस्त फायली तिच्यात स्थलांतरित केल्या आणि घड्याळ घेऊन बसलो. फायली झटकन उघडू लागल्या. संगणक सुरू व्हायला मात्र... अकरा मिनिटे.

असे का? या जिज्ञासेपोटी मी प्रयोग तीनदा केला. "अहो, सुम्ने, उगाच वेळ घालवू नका," रेवती म्हणाली, "दुकानात न्या."

सरस्वतीपुरममध्ये संगणकदुरुस्ती करणाऱ्या शोभा मॅडमनी एका वाक्यात निदान केले. "सार, विंडोज इन्नू हळे डिस्कल्ले इदे." म्हणजे विंडोज अजून जुन्याच डिस्कमध्ये वास्तव्यास होते. मी नवे कोठार बांधले होते. कोठावळा तोच, वृद्ध आणि गुडघे धरून उठणारा.

मी चाचरत पूजेची अडचण निवेदन केली. त्या हसतील अशी माझी खात्री होती... त्यांनी कॅबिनेटला स्पर्श करून बोटे डोळ्यांना लावली आणि स्क्रूंवर सुकलेले गंध ब्रशने अलगद झाडले. पूजा करायची ती यंत्राने काम करावे म्हणूनच ना, एवढे म्हणून स्क्रू फिरवू लागल्या.

दुसरी एक नवी एसएसडी आत विराजमान झाली, विंडोजही तिच्यात गेले. बाह्य एसएसडीला राखीव प्रती सांभाळण्याचे मानाचे पद मिळाले.

दुसऱ्या दिवशी सातला मी अभिनंदन स्वीकारण्यास दारात उभा राहिलो. रेवती त्रिकोणमितीत मग्न होती. तिने हातानेच मला दूर व्हायला सांगितले.

गेलेल्या दोघांपैकी एक आठवड्याने परतला... शोभा मॅडम, त्याचे श्रेय घरात मी घेतले आहे. क्षमा असावी, आणि मनःपूर्वक आभार.